जसे आहे, जेथे आहे: संग्रहातून आणलेली १९५६ची बेल एअर

पेट्रोल कुठून भरायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी गाडी दुसऱ्यांदा बघायला गेलो होतो. जुन्या गाड्यांच्या त्या संग्रहाची देखभाल करणारा पंचविशीतला एक मुलगा हातात मऊ फडकं घेऊन माझ्याबरोबर फिरत होता. टाकीत काही उरलंय का, एवढंच मी विचारलं. तो उजवीकडून फिरून आला, डावीकडून फिरून आला, मागची नंबरप्लेट ओढून पाहिली, डिक्की उघडून आत डोकावला. शेवटी म्हणाला, “काका, हिला टाकीचं झाकणच नाहीये.” मग मी मागच्या डाव्या दिव्यावरची क्रोमची कळ फिरवली आणि अख्खा दिवा बिजागरीवर कलला. झाकण त्याच्यामागे. १९५६च्या शेवरोलेत ते असंच लपवलेलं असतं. मुलगा एवढा हरखला की त्याने फोटोच काढला. पण झाकण उघडल्याबरोबर दोघंही मागे सरलो. पेट्रोलचा वास नव्हताच तो. जुन्या व्हार्निशचा, आंबूस, घशात बसणारा वास होता.

चार वर्षं तो मुलगा ही गाडी दर आठवड्याला पुसत होता. तिच्यात पेट्रोल घालायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो, चाळीस वर्षं झाली. गाड्यांचा धंदा माझा नाही. पण उभं राहिलेलं यंत्र मी भरपूर पाहिलंय. रोज चालणारं मशीन दुरुस्तीला आलं की मला काळजी नसते. झिजलेला भाग दिसतो, बदलता येतो. काळजी वाटते ती शोभेला ठेवलेल्या मशीनची. वरून लखलखीत असतं, नक्षी शाबूत असते, आणि चाक फिरवायला जावं तर जागचं हलत नाही, कारण आतल्या तेलाची लाख झालेली असते. त्यामुळे संग्रहातली गाडी घेताना काय बघायचं हे आपल्याला कळतं, अशा तोऱ्यात मी गेलो होतो. अर्धं कळत होतं.

गाडी म्हणजे शेवरोले बेल एअर, चार दारांची सेडान, १९५६ची. हिच्या दोन दारांच्या हार्डटॉप (मधला खांब नसलेल्या) आणि उघड्या टपाच्या बहिणींवर लोक जीव टाकतात. चार दारांची सेडान मात्र त्या एका वर्षात अडीच लाखांच्या वर बनली, त्यामुळे तिला ‘घरातली मोठी मुलगी’ समजतात. कामाची, पण मिरवायची नाही. मला तीच हवी होती. मधला खांब असलेलं दार बंद करताना जो ठप्प आवाज येतो तो हार्डटॉपला येत नाही, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

संग्रहाने गाड्या कमी करायला काढल्या होत्या. विक्रीच्या कागदावर पहिलंच वाक्य: ‘जसे आहे, जेथे आहे’, म्हणजे आहे त्या स्थितीत घ्या, नंतर तक्रार नको. गाडीपुढच्या फलकावर लिहिलं होतं, अमेरिकेतून आयात, मूळ २६५ घन इंचाचं व्ही-आठ इंजिन, मूळ रंग, ४३ हजार मैल. मैलांपासून सुरुवात करू, कारण तिथे सगळेच फसतात. त्या काळच्या मीटरला मैलांची पाचच घरं असतात. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. म्हणजे ४३ हजार हे ४३ हजारही असतील, नाहीतर १ लाख ४३ हजार. मीटरला हे विचारता येत नाही, पण पेडलला येतं. ब्रेकच्या पेडलचं रबर उजव्या कडेला पार गुळगुळीत झालं होतं, रेघांचा मागमूस नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून किंचित वर उचललं तर बोटभर हललं. ४३ हजारांत बिजागरी इतकी खात नाही. मी काही बोललो नाही. वहीत लिहून ठेवलं.

मूळ रंग हे तर दोन मिनिटांत निकालात निघालं. बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्याच्या पडद्यावर एक छोटी पाटी असते, बॉडी बनवणाऱ्या कारखान्याची. तिच्यावर बॉडीचा प्रकार, आतल्या कापडाचा क्रमांक आणि रंगाचा क्रमांक ठोकलेला असतो. या गाडीच्या पाटीवर ५६-१०१९डी होतं, म्हणजे बेल एअर चार दारी, बरोबर. रंगाचा क्रमांक मात्र हिरव्याचा निघाला. गाडी उभी होती लाल-पांढरी. टाकीच्या झाकणाभोवती, जिथे रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता, तिथे हिरवा डोकावतच होता. ‘मूळ रंग’ म्हणजे संग्रहात आली तेव्हाचा रंग, असं नंतर कार्यालयातल्या बाईंनी मला समजावलं. खोटं बोलत नव्हत्या त्या. त्यांच्या दृष्टीने गाडीचा जन्म त्यांच्या दारात आली त्या दिवशी झाला होता.

लालभडक आणि पांढरी बेल एअर हीच सगळ्यांना माहीत असते, म्हणून कुणीतरी हिरवीवर लाल चढवला असणार. मला तो हिरवा आवडला होता. असो.

मग चुंबक. पातळ फडक्यात गुंडाळलेला एक छोटा चुंबक खिशात ठेवा आणि पुढच्या मडगार्डांच्या खालच्या मागच्या कोपऱ्यावर, दारांखालच्या पट्टीवर आणि पुढच्या दिव्यांच्या वरच्या भुवयांवर लावून बघा. या तिन्ही जागी माती अडकते, ओल धरते आणि पत्रा आतून खातो. माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डावरून चुंबक सरळ खाली घसरला. पत्रा नव्हताच, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली होती. उजवं मडगार्ड चांगलं. गंमत अशी की गाडी डावी बाजू भिंतीकडे करून उभी होती. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण संग्रहातली गाडी बघायला गेलात तर भिंतीकडची बाजू आधी बघा, तिथल्या दोऱ्या ओलांडाव्या लागल्या तरी.

खालून मात्र ती मला एकदम आवडली. मी पाठीवर सरपटत तिच्याखाली गेलो (पासष्टाव्या वर्षी हे लिहिताना बरं वाटतं, करताना वाटलं नव्हतं). चॅसी कोरडी, तळाचा पत्रा एका जागी सोडला तर धड, बॉडी जिथे चॅसीवर बसते त्या जागा शाबूत. छताखाली कोरड्या हवेत उभं राहण्याचा हा खरा फायदा. उघड्यावर एवढी वर्षं काढलेल्या गाडीला असा तळ मिळणार नाही. यांत्रिक गोष्टी दुरुस्त होतात, पत्रा पैसे खातो. त्यामुळे इथेच माझं मन गाडीकडे झुकलं आणि पुढचं सगळं मी जरा कमी कडकपणे पाहिलं.

टायरांबद्दल एकच सांगतो. वरून काळे कुळकुळीत, खाचा भरपूर, जणू परवाच बसवलेत. बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी तारखेचा आकडा असतो. २०००पासून तो चार आकडी आहे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरांवर तीनच आकडे होते. म्हणजे टायर गेल्या शतकातले. त्यांच्यावर गाडी फक्त ट्रकवर चढवायची आणि उतरवायची, बाकी काही नाही.

तिसऱ्या खेपेला मी मिस्त्रींना घेऊन गेलो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, बोलतात कमी. संग्रहाने त्यांना प्लग काढायची परवानगी दिली, आणि हे मी संग्रहाच्या बाजूने ठळकपणे लिहितो, कारण दोन ठिकाणी मला बॉनेटसुद्धा उघडू दिलं नव्हतं. मिस्त्रींनी आठही प्लग काढून एका फडक्यावर क्रमाने मांडले, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडलं आणि जेवायला चला म्हणाले. परत आल्यावर इंजिन हाताने फिरवायचं. आता इथे एक खोच आहे. या जुन्या व्ही-आठमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला पाना लावायला बोल्टच नसतो. मिस्त्री न बोलता खाली शिरले, गिअरबॉक्सच्या तोंडाचा पत्रा सोडवला आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी (लोखंडी दांडा) अडकवून जोर लावला. पहिल्यांदा काही नाही. मग एक बारीक ‘टिक’, आणि पंखा एक बोट सरकला. मी वरून पंख्याकडे बघत होतो. चाळीस वर्षांत कितीतरी अडकलेल्या मशीनांचं चाक असं सुटताना पाहिलंय, तरी अंगावर शहारा आला.

मिस्त्री बाहेर आले ते कपडे झटकतच म्हणाले, “इंजिन मोकळं आहे. पण हे २६५ नाही.”

ब्लॉकच्या मागच्या कडेला, जिथे गिअरबॉक्स जोडतात, तिथे ओतकामाचे आकडे असतात. डाव्या बाजूला ब्लॉकचा क्रमांक, उजव्या बाजूला तारीख. आमच्या ब्लॉकवर ३७५६५१९ होतं, आणि तो २८३ घन इंचाच्या इंजिनाचा क्रमांक आहे. २८३ आलंच १९५७मध्ये. मग १९५६च्या गाडीत ते कारखान्यातून कसं येणार? तारखेत महिन्यासाठी अक्षर असतं, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. आमच्यावर ‘बी १२ ०’. बी म्हणजे फेब्रुवारी. शून्य म्हणजे १९५०, १९६० की १९७०? शेवरोलेचं हे व्ही-आठ १९५५च्या आधी नव्हतं आणि २८३ बनणं १९६७ला थांबलं, म्हणजे उरलं १९६०. केव्हातरी मूळ इंजिन गेलं आणि त्याच्याहून चार वर्षांनी धाकटं दुसरं आलं, बहुधा गाडी अमेरिकेत असतानाच.

मला चालवायला गाडी हवी होती, त्यामुळे २८३ मिळालं याचं दुःख नव्हतं. पण फलकावर ‘मूळ २६५’ लिहून किंमत लावली होती, त्याचं काय? मी बाईंना खाली बोलावलं, विजेरी धरून आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला, वाकून दोनदा वाचले, वर जाऊन कुणाशी तरी बोलल्या आणि अर्ध्या तासात विक्रीच्या कागदावरून ‘मूळ’ हा शब्द दोन्ही ठिकाणी खोडला गेला. किंमतही उतरली, मी मागितली तेवढी नाही, पण वाद घालण्यासारखीही उरली नाही. अशी माणसं भेटली की मला विकणाऱ्याबद्दल आदर वाटतो. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण दाखवल्यावर त्यांनी तोंड फिरवलं नाही.

कागदांनी मात्र जीव काढला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत त्या काळी गाडीची मालकी इंजिनाच्या क्रमांकावर नोंदवत. हिच्या जुन्या अमेरिकन मालकीपत्रावरही इंजिनाचाच क्रमांक होता, आणि ते इंजिन केव्हाच भंगारात गेलेलं. गाडीचा स्वतःचा क्रमांक ड्रायव्हरच्या दाराच्या पुढच्या खांबावरच्या पट्टीवर असतो: व्ही म्हणजे व्ही-आठ, सी म्हणजे बेल एअर, मग ५६, मग कारखान्याचं अक्षर, मग अनुक्रमांक. माझ्या हातातलं मालकीपत्र गाडीच्या एकाही भागाशी जुळत नव्हतं! आयातीच्या कागदावर खांबावरचा क्रमांक होता, पण मालकीपत्राशी त्याला जोडणारा धागा नव्हता. तो धागा संग्रहाच्या कपाटात एका जुन्या पत्रात निघाला, आणि निघायला सहा आठवडे लागले. या सहा आठवड्यांत मी अकरा फोन केले. सात वेळा ‘उद्या कळवतो’. पैसे मी पत्र हातात पडल्यावरच दिले, आणि हे एकच काम मी या सगळ्या व्यवहारात पूर्ण शहाणपणाने केलं. खांबावरची पट्टी, आयातीचा कागद आणि मालकीपत्र हे तिन्ही शेजारी ठेवून आकडान् आकडा बोट ठेवून वाचा. बॉनेटखाली बघायच्या आधी.

न्यायच्या दिवशी गाडी हलेना. पुढचं डावं चाक जाम. संग्रहात ती कायम चाकांखाली छोट्या ढकलगाड्या सरकवून हलवत, त्यामुळे चाकं फिरतात का हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. ड्रमवर लाकडाने ठोकून पाहिलं, चाक सुटलं नाही. मिस्त्रींनी ब्रेकच्या नळीचा नट किंचित सैल केला, तपकिरी पाण्यासारखं चमचाभर काहीतरी बाहेर आलं आणि चाक सुटलं. रबरी नळी आतून फुगली होती. दाब आत गेला तो परत आलाच नाही. जाताना देखभालीच्या मुलाने गाडीखाली ठेवायचा तेलाचा मोठा पत्र्याचा ट्रे आणून दिला. कोरा करकरीत. “तुमच्याकडेच राहू दे काका, आम्हाला कधी लागला नाही.” मला ते फार गोड वाटलं.

घरी आणल्यावर पहिली चूक माझी. टाकी उतरवून धुतली, नळ्या बदलल्या, कार्बोरेटर उघडून साफ केला (आत पिवळा चिकट थर, अगदी माझ्या मशीनांसारखा, तो मी स्वतः काढला आणि मिस्त्रींनी मान डोलावली). आता चालू करायची घाई झाली. मिस्त्री दोन दिवस येणार नव्हते. म्हटलं, स्टार्टर नुसता मारून बघू, प्लग तर काढलेलेच आहेत. मारला. चार फेऱ्या, आणि डावीकडून ‘टक्’. वरचं झाकण काढलं तर एक व्हॉल्व्ह आपल्या नळीत चिकटून बसलेला आणि त्याला ढकलणारी दांडी धनुष्यासारखी वाकलेली. मिस्त्री आले, दांडी हातात घेऊन जमिनीवर लोळवली, तिचं डुगडुगणं बघत राहिले आणि म्हणाले, “तुमच्या दुकानात कुणी असं केलं असतं तर?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. या इंजिनात अशा सोळा दांड्या असतात. एकच वाकली हे नशीब. बाकीच्या पंधरा व्हॉल्व्हांना तीन दिवस तेल पाजलं, रबरी हातोडीने टिचक्या मारमारून सगळे मोकळे केले.

त्यानंतर जे केलं ते बघायला मी पुन्हा पैसे देईन. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढला की त्याच्या भोकातून खोलवर तेलपंपाचा दांडा लागतो. मिस्त्रींनी एका लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कापून ती सळई ड्रिलमध्ये बसवली, आत सोडली आणि ड्रिल चालू केलं. सुरुवातीला ड्रिल मोकळं घरघरत होतं. मग आवाज बदलला, जड झाला, मिस्त्रींच्या मनगटाला पीळ बसायला लागला. तेल वर चढत होतं. मी क्रँक थोडा थोडा फिरवत होतो आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या व्हॉल्व्हांकडे बघत होतो. एकेका दांडीच्या टोकावर आधी ओलसर चमक, मग एक थेंब, मग ओघळ. सोळाव्या ठिकाणी तेल यायला सात मिनिटं लागली. मगच डिस्ट्रिब्युटर परत बसला.

इंजिन दुसऱ्या दिवशी चालू झालं. निळा धूर, मग पांढरा, मग काही नाही. तेल मुद्दाम जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घातलंय, कारण या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सरळ सपाट टॅपेटवर घासतो आणि आताच्या बऱ्याच तेलांत ते जस्त कमी केलेलं असतं.

ब्रेकचं सगळंच बदललं. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून तेलाचा एकच मार्ग. एक नळी फुटली की पेडल तळाला आणि चारही चाकं मोकळी. अमेरिकेत दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब दोन वेगळ्या मार्गांनी पोचवणारं नळकांडं, सरसकट यायला १९६७ उजाडलं. मी दुहेरी बसवून घेतला. मूळपणाचे भक्त नाक मुरडतील. मुरडोत. ज्या गाडीत इंजिन चार वर्षांनी धाकटं आणि रंग उसना, तिच्यात माझा मास्टर सिलिंडर तेवढा कुणाला खुपू नये.

आणि चालवायला कशी आहे? सुमारे पाच मीटर लांब, दीड टनाच्या आसपास वजन, आणि गिअर दोनच. पॉवरग्लाइड म्हणतात या स्वयंचलित गिअरबॉक्सला. खालचा गिअर लांबवर ओढत नेतो, वाटतं आता बदलेल, आता बदलेल, आणि बदलतो तेव्हा कळतही नाही. चालवण्यात एकच फसगत: दांड्यावरचा क्रम पी, एन, डी, एल, आर असा आहे. रिव्हर्स सगळ्यात शेवटी. आताच्या गाड्यांची सवय झालेला हात पार्किंगशेजारी रिव्हर्स शोधतो. पहिल्या आठवड्यात मी दोनदा मागे जायचं म्हणून न्यूट्रलमध्ये नुसता गुरगुरत बसलो. वायपर इंजिनाच्या शोषणावर चालतात, त्यामुळे पावसात चढावर पाय दाबला की ते काचेच्या मध्यावर विचारात पडतात आणि पाय सोडला की झपाट्याने कामाला लागतात. स्टिअरिंग जागच्या जागी फिरवणं हा व्यायाम आहे, पण चाक जरासं फिरत असलं तरी मऊ होतं. बसायची जागा सोफ्यासारखी. बायको पुढच्या अखंड सीटवर मध्ये सरकून बसते आणि म्हणते, सगळं ठीक आहे, पण पट्टे लाव. लावून घेतले, कमरेचे.

किल्लीची एक खुबी कुणी सांगितली नाही तर गाडी जाईल. स्विचला लॉक आणि ऑफ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. ऑफवर ठेवून किल्ली काढता येते, पण मग स्विच किल्लीशिवायही फिरतो, कुणीही येऊन गाडी चालू करू शकतो. किल्ली काढायची ती लॉकवर नेऊनच. संग्रहात एवढी वर्षं ती ऑफवरच होती.

संग्रहाबद्दल तक्रार करायची तर फलकाची आणि फोनची. बाकी त्यांनी बघू दिलं, उघडू दिलं, चूक मान्य केली. पुन्हा त्यांच्याकडून घ्यायची वेळ आली तर घेईन, पण फलक न वाचता सरळ गाडीखाली जाईन.

गिअरबॉक्स मात्र अजून पूर्ण बरा झालेला नाही. एवढी वर्षं उभ्या गाडीत तेल खाली उतरून गेलेलं, रबरी सीलं कोरडी पडून आक्रसलेली. नवं तेल भरून चालवायला लागल्यावर ती सगळ्या जागांनी पाझरायला लागली. त्यांच्याकडे असताना गाडीतून एक थेंब पडत नव्हता, कारण गळायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. पुढची सीलं बदलली, मागचं व्हायचंय. तोवर तो कोरा करकरीत ट्रे रोज रात्री गाडीखाली असतो. काल सकाळी मोजलं, अर्धा पेला भरला होता.